टोपलीची भवानी

संघमित्राला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू वापरताना माणूस अडखळला की तिला चैन पडत नसे, आणि चूक माणसाची नाही, वस्तूची आहे, यावर ती हटून बसायची. जुईनगरला त्यांच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली तेव्हा येणारा-जाणारा चुकून भलत्याच मजल्यावर उतरायचा. वॉचमन पाहुण्यांना अडाणी म्हणायचा आणि सेक्रेटरी वॉचमनला. शाळेच्या गणवेशातली ही पोरगी मात्र लिफ्टच्या कोपऱ्यात उभी राहून लोकांचं बोट आधी कुठं जातं ते बघत राहिली. मग एके दिवशी नेलपॉलिशची बाटली आणून तिनं तळमजल्याच्या बटणाशेजारी लालभडक ठिपका काढला. लोक चुकायचे थांबले. सोसायटीच्या मालमत्तेची नासधूस केली म्हणून सेक्रेटरींनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं, पण ठिपका खरवडायला कुणी गेलं नाही. तो आजही तिथं आहे.

वडील म्हणजे सिताराम. तरुणपणी मराठवाड्यातून इकडं आले, एका केमिकल कंपनीत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. कडक माणूस. शकुन, अपशकुन, नजर, मुहूर्त यातलं काहीही त्यांच्या घराचा उंबरा ओलांडून आत येऊ शकत नव्हतं. मांजर आडवं गेलं तर ते मांजराच्या कामाला गेलं, इतकं त्यांचं सरळ गणित. आई जाईबाई जरा मऊ होती, पण नवऱ्यापुढं या बाबतीत तिचंही चालत नसे. पोरीनं शिकावं, चांगल्या नोकरीत बसावं आणि तिथून हलू नये, एवढंच दोघांचं मागणं.

पोरगी शिकली आणि बसलीही. ऐरोलीतल्या काचेच्या उंच इमारतीत, मोठ्या कंपनीत. ती डिझायनर होती. नातेवाइकांना वाटायचं, ही कॉम्प्युटरवर चित्रं काढते. खरं काम वेगळंच होतं. अ‍ॅप हातात घेतल्यावर माणूस कुठं थबकेल, कुठं घाबरेल, कुठं वैतागून फोन बाजूला ठेवेल, हे आधीच ओळखायचं आणि त्याची वाट सोपी करून ठेवायची. पण त्या कंपनीत तिच्या वाट्याला आलं काय, तर कुठल्याशा परदेशी बँकेच्या अ‍ॅपमधल्या एका बटणाचा निळा रंग. त्या निळ्यावर तिनं अख्खं वर्ष घालवलं. मीटिंगा झाल्या, समित्या बसल्या, आणि शेवटी बटण होतं त्याच रंगाचं राहिलं. ज्या माणसांसाठी हे चाललं होतं, त्यातला एकही तिनं डोळ्यांनी पाहिला नव्हता. तिनं राजीनामा टाकला.

आणि गेली कुठं? तर ‘टोपली’मध्ये. खारघरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये चार टेबलं मांडलेली, बेडरूमला मीटिंग रूम म्हणायचं आणि बाल्कनीत चहा, अशी ती कंपनी. सितारामरावांनी ऐकलं आणि ते ताटावरून उठलेच. कायमची नोकरी सोडून पोरगी मासळीच्या धंद्यात पडली, हे त्यांच्या पचनी पडेना. रागवावं, बोलावं, तर तेही नाही. ते गप्प झाले, आणि त्यांचं गप्प होणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

टोपलीचा मालक हितेश. तळवलीचा आगरी पोरगा, वडील पंढरीशेठ बिल्डर. बापाची इच्छा होती की यानं आणखी टॉवर बांधावेत. याच्या डोक्यात मात्र आत्या बसलेली. भागीरथी आत्या. भाऊ शेठ झाला, दारात गाड्या आल्या, तरी या बाईनं नाक्यावरच्या बाजारातली आपली मासळीची टोपली सोडली नाही. पापलेट शिळं की ताजं हे ती लांबून सांगायची, आणि शिळं असलं तर स्वतःच्या टोपलीतलंही ‘नको नेऊस’ म्हणायची. हितेशचं म्हणणं असं होतं की खारघर-घणसोलीच्या टॉवरमधली माणसं पाकिटातला बर्फाळलेला मासा खातात, कारण त्यांना बाजारात जायला वेळ नाही, आणि इथं आत्यासारख्या बायका दुपारपर्यंत गिऱ्हाइकाची वाट बघतात. दोघांची गाठ घालून द्यायची. गिऱ्हाइकानं फोनवर आपली मासेवाली निवडायची, तिनं मासा साफ करून द्यायचा, बाइकवाल्यानं घरी पोचवायचा. बस्स.

ही कल्पना ऐकूनच संघमित्रा तिथं गेली होती. आणि जे पहिलंवहिलं अ‍ॅप तिनं केलं, त्याचा तिला अभिमान होता, का नसावा! मासेवालीच्या फोनवर एका वेळी एकच ऑर्डर दिसायची: गिऱ्हाइकाचं नाव, कुठला मासा हवा त्याचा फोटो, आणि खाली दोन बटणं, हिरवं ‘हो’ आणि लाल ‘नाही’. बटणं एवढी मोठी की ओल्या हातानं, खवले चिकटलेल्या बोटानं, वेळ पडली तर कोपरानंही दाबता यावीत. कोड लिहिणारा कुंदन कुरकुरला की हे लहान पोरांच्या खेळासारखं दिसतं. दिसू दे, म्हणाली ती. आणखी चार सोयी घालू या, असं हितेशलाही वाटत होतं. तिनं एकही घालू दिली नाही. पहिली आवृत्ती आहे, तिनं एकच काम करावं पण न अडखळता करावं, यावर ती लिफ्टच्या ठिपक्याइतकीच ठाम होती.

सुरुवात झकास झाली. तळवलीच्या बाजारातल्या बायकांनी फोन घेतले, ऑर्डरी यायला लागल्या, घरोघरी मासे पोचायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी अ‍ॅप बंद पडलं, तेव्हा हितेशनं कुंदनला फैलावर घेतलं, कुंदननं ते दुरुस्त केलं आणि पुन्हा असं होणार नाही याचा बंदोबस्तही केला. तिथून पुढं मात्र काय बिघडलं कुणाला कळेना. गिऱ्हाइकं ऑर्डर करत होती आणि मासेवाल्या ती घेत नव्हत्या. सकाळी सगळ्यांचे फोन बंद. दुपारी कुणाकुणाचा चालू व्हायचा, पण तोवर मासळीही संपलेली आणि गिऱ्हाईकही.

हितेशनं बायकांना फोन केले. सगळं चांगलं हाय, म्हणाल्या. संघमित्रानं फोन केले. लय भारी अ‍ॅप हाय बाय, म्हणाल्या. भागीरथी आत्याला तर त्यांनी ऑफिसात बोलावलं, बेडरूममध्ये एसी लावून बसवलं, चहा-बिस्कीट दिलं आणि ऑर्डर पाठवून बघितली. आत्यानं चष्माही न लावता फटाफट ‘हो’ दाबलं, कुठंही अडखळली नाही. पाच वेळा पाठवली, पाचही वेळा दाबलं. मग जाताना सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवून गेली. आता यावर बोलायचं काय?

त्यातच तेजश्री मॅडम येणार असं ठरलं. नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या एका मोठ्या फंडाच्या त्या. टोपली पुढं चालायची की बंद पडायची, हे त्यांच्या एका हो-नाहीवर होतं. त्या शुक्रवारी येणार होत्या, मासळीचा वार म्हणून मुद्दाम. हितेशची झोप उडाली. त्यानं संघमित्राला बाल्कनीत बोलावलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी मुद्द्यावर आला. शुक्रवारपर्यंत बायका अ‍ॅप वापरताना दिसल्या नाहीत, तर त्या या धंद्याला जमणाऱ्या नाहीत असं मॅडमना सांगून तो मोकळा होणार होता. महापेला एक शीतगृह भाड्यानं मिळत होतं. मासा तिथं आणायचा, तिथंच पाकिटात भरायचा आणि विकायचा. टोपल्या नकोत, बायका नकोत. अ‍ॅपही नवीन, ते पवईची एक एजन्सी करून देणार होती. तू राहा हवं तर, म्हणाला, त्यांना मदत कर. बोलताना त्याचा आवाज पडला होता, कारण त्या बायकांत त्याची सख्खी आत्या होती.

संघमित्राला ते झोंबलं. तिनं केलेलं पहिलं स्वतःचं काम कचऱ्यात जाणार होतं, हे होतंच. पण ज्या बायकांसाठी केलं त्यांनाच नालायक ठरवून बाहेर काढणार, हे तिला जास्त लागलं. चूक माणसाची नसते, हे ती आयुष्यभर सांगत आलेली. मग चूक कुठं आहे हे दाखवायला नको?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळवलीच्या बाजारात जाऊन बसली. वही नाही, लॅपटॉप नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. आत्याच्या शेजारी बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर नुसतं बसून राहायचं, लिफ्टच्या कोपऱ्यात उभी राहायची तसं. आत्यानं तिला बघून कपाळाला आठ्या घातल्या, कॉलेजची पोरगी असल्यासारखं ‘खाल्लंस काय’ विचारलं आणि आपल्या कामाला लागली.

सुरुवातीला तिला वाटलं, ऊन. पत्र्याच्या फटीतून ऊन थेट फोनवर पडत होतं, काच चमकत होती. मग वाटलं, आवाज. गिऱ्हाइकांच्या गलक्यात ऑर्डरची घंटा ऐकू कशी येणार? ती मनातल्या मनात घंटा मोठी करायला लागली होती. तेवढ्यात घंटा वाजली, आणि आत्याला ती छान ऐकू आली.

आत्यानं पदराला हात पुसले, फोन उचलला. नाव होतं अंकुश, मागणी एका पापलेटाची. आत्याचा चेहरा जरासा उतरला, पण तिनं ‘हो’ दाबलं. टोपलीतलं चांगलंसं पापलेट निवडून घेतलं, कोयता लावला, खवले काढले, पोट साफ केलं, पाण्यानं धुतलं. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. ऑर्डर रद्द.

कापलेलं पापलेट आत्यानं बाजूला ठेवलं. पिशवीतून मीठ काढून मुठीत घेतलं, टोपलीवरून उतरवलं आणि लांब फेकलं. फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि खोक्याच्या तळाशी सारून दिला. पलीकडून गोजरा, आत्याच्या शेजारी बसणारी मासेवाली, ओरडून म्हणाली की आला ना तो मुडदा तुझ्याकडं पण, म्हणून तर मी फोन चालूच करत नाय. तिच्या पलीकडच्या विजयमालानंही त्या अंकुशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अख्ख्या रांगेला तो ठाऊक होता. रोज सकाळी येतो, पापलेट मागतो आणि नको म्हणतो.

संघमित्रा खोक्यावरून ताडकन उठली. अगं बाई, भवानी!

आता भवानी म्हणजे काय हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. रिक्षावाला असो, भाजीवाली असो, पहिल्या गिऱ्हाइकाची नोट आधी मालाला लावायची, मग कपाळाला लावायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हातानं गेलं तर अख्खा दिवस त्याच्या मागं जातो, असं मानतात. हे संघमित्राला माहीत होतं, हितेशला माहीत होतं, कुंदनला माहीत होतं. या शहरात वाढलेल्या कुणाला माहीत नाही? पण तिघांनी मिळून बनवलेल्या अ‍ॅपमधून रोज सकाळी कुणीतरी येत होतं आणि एकेका बाईची भवानी मोडून जात होतं. आणि त्या बायका दुसरं काय करणार? ज्या वस्तूतून रोज पहिलं तोंड त्या अंकुशचं दिसतं, ती वस्तू त्यांनी झाकून ठेवली.

ती तशीच खारघरला आली आणि दारातूनच तिनं विचारलं, “हा अंकुश कोण?”

हितेश गोंधळला. कुंदन मात्र खुशीत हसला. अंकुश त्याचाच होता. खरा माणूस नव्हेच, खोटं गिऱ्हाईक. त्या दिवशी अ‍ॅप बंद पडून शिव्या खाल्ल्यावर त्यानं हाच तर बंदोबस्त केला होता. रोज बाजार भरायच्या वेळी अंकुश आपोआप प्रत्येक मासेवालीला एक ऑर्डर पाठवायचा. तिनं ‘हो’ दाबलं की अ‍ॅप ठणठणीत आहे हे कळायचं, मग अंकुश ऑर्डर रद्द करायचा. त्या दिवसापासून अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही, हे कुंदननं छाती फुगवून सांगितलं. शाळेतल्या एका मित्राचं नाव दिलं होतं म्हणे, गंमत म्हणून.

संघमित्रानं त्याला पापलेटाचं सांगितलं. कोयत्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. कुंदनचं हसू हळूहळू मावळलं. त्याच्या घरीही आई सकाळी दुकान उघडायची. “माझ्या डोक्यातच आलं नाही गं,” तो म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला.

हितेश मात्र वेगळ्याच गोष्टीनं दुखावला होता. सगळी रांग शिव्या घालत होती आणि आत्या आपल्याला एका शब्दानं बोलली नाही? तो तसाच गाडी काढून तळवलीला गेला, संघमित्राला सोबत घेऊन. आत्या टोपली धूत होती. त्यानं विचारलं, तर ती खाली मान घालून टोपली घासतच राहिली. मग म्हणाली, “पोरा, तुजा नवा धंदा हाय. तुज्या अ‍ॅपनं भवानी मोडते असं वंगाल आमच्या तोंडून निघालं, आनि खरंच तुजं बसलं तर? मीच सगल्यांना गप बसवलंय. कोन काय बोलायचं नाय म्हनलं.”

रोज सकाळी, अंकुश येणार हे माहीत असूनही, भाच्याच्या धंद्याला ‘नाही’ म्हणू नये म्हणून ही बाई फोन चालू करत होती आणि रोज एक पापलेट वाया घालवत होती. हितेशनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली आणि नळाखाली धरली. संघमित्रा दुसरीकडं बघत उभी राहिली, कारण तिचे डोळे भरले होते.

अंकुशला घालवणं सोपं होतं. कुंदननं त्याच दिवशी त्याची रवानगी एका खोट्या मासेवालीकडं केली, आता दोघांनी एकमेकांना काय त्रास द्यायचा तो द्यावा. पण संघमित्राचं समाधान झालं नव्हतं. अंकुश गेला तरी खरी गिऱ्हाइकं होतीच की. पलंगावर लोळत ऑर्डर करायची, मग बायको म्हणाली आज नको की रद्द करायची. सकाळी सकाळी असं एक जरी भेटलं तरी फोन पुन्हा फडक्यात जाणार. तिला पहिली ऑर्डरच वेगळी करायची होती. दिवसाची पहिली ऑर्डर म्हणजे भवानी. ती एकदा केली की गिऱ्हाइकाला रद्द करता यायची नाही, त्याच्या पडद्यावर रद्द करायचं बटण दिसायचंच नाही. पण हे त्याला फसवून नाही, आधी सांगून. हितेशनं डोक्याला हात लावला. रद्द करायची सोय काढून घेणारं अ‍ॅप जगात कुणी बनवतं का? गिऱ्हाईक पळेल. मॅडम काय म्हणतील?

ती म्हणाली, करून तर बघू. नाही चाललं तर मीच राजीनामा देते, महापेचं शीतगृह तुला लखलाभ. हितेशनं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

घरी जेवताना तिनं आईला हे सगळं सांगितलं. गप्प असलेले सितारामराव एकदम बोलले, बऱ्याच दिवसांनी.

“म्हणजे आता तू शकुन-अपशकुन मोबाइलमध्ये घालणार. एवढं शिकून हे?”

जाईबाईनं ‘जेवू द्या तिला’ अशी खूण केली, पण संघमित्रा मागं हटणारी नव्हती. “पप्पा, शकुन मीपण मानत नाही. पण सकाळी उठून एका बाईला मासा कापायला लावायचा आणि मग नको म्हणायचं, हे तुम्हाला पटतं का?”

सितारामरावांनी घास चावून गिळला. थोड्या वेळानं जाईबाईकडं आमटी मागितली.

मग कामाला जो जोर चढला तो बघण्यासारखा होता. कुंदननं पापक्षालन करायचंच ठरवलं होतं, तो संघमित्रा म्हणेल ते बदलत होता. गिऱ्हाइकानं एखादी मासेवाली निवडली आणि त्या दिवशी तिची अजून विक्री झालेली नसली, तर पडद्यावर एक ओळ यायची: ‘तुम्ही आज भागीरथीताईंची भवानी करताय. ही ऑर्डर मोडता येणार नाही.’ खाली दोनच वाटा, ‘शब्द दिला’ किंवा ‘थोड्या वेळानं येतो’. इतकंच. आणि मासेवालीच्या फोनवर ही ऑर्डर आली की पडदा हळदीसारखा पिवळा व्हायचा, म्हणजे लांबूनही कळावं. ज्या बाईची भवानी समोरच्या गिऱ्हाइकानं आधीच केली असेल, तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या खुणेवर एकदा बोट ठेवायचं, म्हणजे पुढच्या ऑर्डरी नेहमीसारख्या, संपलं. संघमित्रानं हे सगळं बाजारात खोक्यावर बसूनच तपासलं. पहिल्यांदा पिवळा रंग उन्हात फिका पडला, तो तिनं गडद केला. परदेशी बँकेच्या निळ्यावर एक वर्ष गेलं होतं, हा पिवळा चहा निवायच्या आत ठरला.

बायकांना सांगायला ती कुंदनला सोबत घेऊन गेली. अंकुश याचाच, म्हणून तिनं त्याला रांगेपुढं उभा केला. कुंदन कान पकडून उभा राहिला. गोजरानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग सगळ्या इतक्या हसल्या की गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. विजयमालानं त्याला मांदेलीचा वाटा पिशवीत घालून दिला आणि वर बजावलं की हे मात्र परत पाठवायचं नाय.

शुक्रवार उजाडला. तेजश्री मॅडम पांढरे बूट घालून आल्या. ऑफिसात मोठा पडदा लावून आकडे दाखवायची हितेशची तयारी होती. संघमित्रानं त्यांना ऑफिसात चढूच दिलं नाही. आधी बाजार, म्हणाली आणि गाडी तळवलीला न्यायला लावली. मॅडमनी बुटांकडं पाहिलं, बाजाराकडं पाहिलं आणि निमूट पाण्यातून चालत आल्या. आत्यानं त्यांना बसायला खोकं दिलं आणि कोरा चहा मागवला.

रांगेत सगळे फोन टोपल्यांच्या कडेला उघडे ठेवलेले होते. संघमित्राची ओढणी पिळून पिळून चोळामोळा झाली होती. आज फोन वाजला नाही तर सगळं संपलं.

पहिला वाजला आत्याचाच.

पडदा पिवळाधमक झाला. आत्यानं हात धुतले, पदराला पुसले. फोन दोन्ही हातांनी उचलला, टोपलीतल्या मासळीला टेकवला आणि मग डोळे मिटून कपाळाला लावला. नोट लावतात ना, अगदी तसाच. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, अ‍ॅपमध्ये कुठं लिहिलंही नव्हतं. मग तिनं ‘हो’ दाबलं आणि टोपलीतली सगळ्यात देखणी सुरमई उचलली. तेवढ्यात गोजराचा फोन पिवळा झाला, तोही कपाळाला गेला. मग विजयमालाचा. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका फोन कपाळाला लावत होत्या आणि कोयते चालायला लागले होते.

तेजश्री मॅडम चहा हातात तसाच धरून बघत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं की हे तुम्ही यांना करायला सांगितलंत का. संघमित्रा नाही म्हणाली. लोकांना रद्द करता येत नाही, मग ते चिडत नाहीत का, हाही प्रश्न झाला. हितेशनं फोन उघडून दाखवला. त्या सकाळी गिऱ्हाइकांची उलट चढाओढ लागली होती. आपल्या मासेवालीची भवानी आपणच करायची म्हणून लोक बाजार उघडायची वाट बघत बसले होते.

मॅडमनी महापेच्या शीतगृहाची चौकशीच केली नाही. चहा संपवून त्या हितेशला म्हणाल्या, “या बायकांच्या हातून काढून हे पाकिटात भरलंत, तर माझा एक पैसा मिळणार नाही. आणि हे ज्यांनी केलं, त्यांना धरून ठेवा.” हितेशनं मान डोलावली आणि तो इतका मोठ्यानं हसला की आत्यानं त्याला गप्प केलं. पुढच्या महिन्यात घणसोलीचा बाजार घ्यायचा, मग दिवाळे गावाचा, असं तिथंच चिखलात उभं राहून ठरलं. पवईच्या एजन्सीला हितेशनं त्याच दिवशी नकार कळवला.

या सगळ्या आनंदात संघमित्राला आत्यानं हाक मारली. सुरमई साफ करून झाली होती आणि पत्ता बाइकवाल्याला नीट सांगायचा होता. तिनं फोन हातात घेतला. भवानी करणाऱ्याचं नाव होतं सिताराम. पत्ता जुईनगरचा, तिच्याच सोसायटीचा, तिच्याच घराचा.

ती तिथंच खोक्यावर बसली आणि रडली. आत्याला वाटलं, पोरीला ताण सहन झाला नाही. तिनं मासळीचा हात तसाच तिच्या डोक्यावरून फिरवला.

संध्याकाळी घरभर सुरमईचा वास होता. एवढा मोठा मासा आणला कुणी, तीन माणसांना चार दिवस पुरेल, म्हणून जाईबाई कुरकुरत तळत होती. सितारामराव पेपर वाचत होते. संघमित्रा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

पेपर खाली न करता तेच म्हणाले, “मी भवानी-बिवानी मानत नाही. शब्द दिला की मोडायचा नाही, एवढं मानतो. तुझ्या त्या अ‍ॅपवर तसं लिहिलंय, म्हणून केली ऑर्डर.” मग पेपर खाली आला. “फक्त ती ओळ बारीक आहे. मला भिंग घ्यावं लागलं. म्हाताऱ्या माणसानं वाचायचं कसं ते?”

जाईबाई आतून ओरडली की ताटं वाढलीत, आधी जेवा. पण संघमित्रानं तोवर लॅपटॉप उघडला होता. वडील शेजारी येऊन चष्मा सावरत बसले आणि त्यांनी ‘आता दिसतं’ म्हणेपर्यंत ती अक्षर मोठं करत राहिली.